संस्थेची गादी, सरकारची सिस्टर

त्या संध्याकाळी आपण मेथी निवडली. म्हणजे मी निवडली, तू गादीवर पडल्या पडल्या पाहत होतीस. जुडी आपल्याच मळ्यातली, मुळाला ओली माती तशीच. तुझे डोळे मिटलेले आहेत असं समजून मी चार जाड काड्या पानांबरोबर सुपात ढकलल्या. लगेच आवाज आला, "काड्या खायाले बैल बोलावले का जी?" आवाज अगदी बारीक झाला होता, पण बोलणं तेच. मी काड्या वेचून बाजूला केल्या. भाजी केली. तुला त्यातले दोन घासही गेले नाहीत, पण मीठ कमी आहे हे सांगितल्याशिवाय तू राहिली नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

सुमन म्हणते, "बाबा, मायबद्दल चार ओळी लिहा, तेरवीले वाचू." जन्म कधी, लग्न कधी, माहेर अंजनगावचं, हे सगळं आपल्या पोरीला पाठ आहे, ते ती लिहील. मी चौथी शिकलेला माणूस, मला तेवढं नीट मांडता येत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. बोलायला बसलो की तू मधेच तोडायचीस. आता तोडणार नाहीस, म्हणून बोलून घेतो.

लोक येतात, बसतात, म्हणतात, "सुटली बिचारी." मी मान हलवतो. पण मीही सुटलो, हे कोणाला सांगू? तुझ्यापासून सुटलो असं नाही. भीतीतून सुटलो. माझी माय अशाच दुखण्यानं गेली, तू तेव्हा घरात नवी होतीस. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती पडायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तरी ऐकू जायचं. डॉक्टरनं तुझ्या दुखण्याचं नाव सांगितलं त्या दिवसापासून माझ्या कानात तोच आवाज होता. मरणाचं मला काही वाटत नव्हतं, वय झालं आहे आपलं. तू तशी जाशील का, एवढीच धास्ती होती. तू तशी गेली नाहीस. तुझ्या चेहऱ्यावर आठी नव्हती. ते पाहिल्यावर मी आधी रडलो नाही, आधी मोठा श्वास घेतला. रडू मागून आलं.

आता भांडणाचं बोलतो. आपलं भांडण एकच होतं आणि ते सुमनच्या वयाचं होतं. तू अंगणवाडीत मदतनीस. सकाळी भांडी घासायची, खिचडी रांधायची, लेकरांना घरून बोलावून आणायचं. डाळ आली तर तांदूळ नाही, दोन्ही आलं तर गॅस संपलेला. मग तू वाफ्यात शिरायचीस आणि पालक, कोहळं, जे हाताला लागेल ते ओच्यात भरून न्यायचीस. मी बांधावरून ओरडायचो, "वा! सरकारची खिचडी माया पालकावर शिजून राह्यली. मंग सरकार कोन झालं? मीच ना!"

तू मागं वळून न पाहता म्हणायचीस, "हो, तुमीच. तेच तर सांगून राह्यली मी."

मला वाटायचं मी जिंकलो. बन्सीला जाऊन सांगायचो. बन्सीचं सायकलीचं दुकान गल्लीच्या टोकाला, त्याच्या ओट्यावर तंबाखूचा खर्रा खात आम्ही दोघं सरकारला शिव्या द्यायचो. सरकार म्हणजे येईल तेव्हा येईल. तापाची साथ आली तेव्हा देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेची दवाखान्याची गाडी आधी आली, सरकारी गाडी साथ ओसरल्यावर. संस्थेची माणसं नावानं हाक मारतात, बसा म्हणतात, पाणी विचारतात. सरकारी माणूस आधी विचारतो, काय काम आहे. तर गरिबाचं सगळं संस्थांच्या हाती द्यावं, असं आमचं दोघांचं मत. तू पाण्याची कळशी घेऊन तिथून जायचीस आणि म्हणायचीस, "दोघं जन सरकारले शिव्या देता, अन् पानी सरकारी नळाचं पेता."

एकदा तू नीट सांगितलं होतं, भाकरी थापता थापता. "संस्था चांगलीच हाये जी. पन ते देते तवा आपुन हात जोडतो. सरकारनं नाई देल्लं तर आपुन भांडतो. मले भांडता येते तिथलं घेनं बरं वाटते." मी म्हटलं, "तुले भांडाले काही बी पुरते." तू हसलीस आणि भाकर तव्यावर टाकलीस.

मग तुझं दुखणं आलं. तू उठायची बंद झालीस, पाठीला जखमा व्हायला लागल्या. संस्थेची गाडी आठवड्याला यायची, तीत ती पुण्याकडची पोरगी, अंकिता. तिनं तुझी पाठ पाहिली आणि पुढच्या खेपेला हवेची गादी घेऊन आली. मी तुझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बघ, कोण आलं धावून. पण गादी अंथरण्याआधी तिनं बॅनर काढला.

"आजी, एकच फोटो काढू. मागं बॅनर धरतो आम्ही. देणगीदारांना दाखवावा लागतो."

"काहून? मी गादी इकून खाईन का?"

"तसं नाही हो आजी. नियम आहे."

"म्या इतके वर्स लेकराइले खिचडी वाढली. एकाचं तरी ताट हाती देऊन फोटो काढला का वं? खानाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नाई, एवढं कळते मले."

मी चिडलो. "अवं, पाठ सडून राह्यली तुई. एक फोटो काढला तर झिजशीन का?" तू भिंतीकडं तोंड फिरवलं. अंकिता रडवेली झाली. फोटो नाही मिळाला तर साहेब गादी परत आणायला सांगतील, असं म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते तुला ठाऊक आहे. मी धुतलेली टोपी घातली, गादी खाली अंथरून तिच्यावर आडवा झालो आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. "घे, माया काढ. कण्हू का थोडा?"

"नको आजोबा, नुसते पडून राहा."

ड्रायव्हरनं बॅनर धरला. तू जुन्या खाटेवर पदर तोंडात धरून हसत होतीस, खाट करकर वाजत होती.

त्याचं पुढं काय झालं ते आठवलं की अजून हसू येतं, सुतकातसुद्धा. संस्थेनं तो फोटो मोठा करून रस्त्याला लागून असलेल्या फलकावर लावला. तुझा भाऊ अंजनगावहून बाजाराला आला होता, त्यानं तो पाहिला. केळी, नारळ, संत्री घेऊन धापा टाकत आला आणि मी समोरच वांगी तोडत उभा. "भाऊजी! तुमी तर शेवटच्या घटका मोजून राह्यले म्हने!" आतून तुझा आवाज आला, "त्याइच्या मोजून झाल्या. आता वांगे तोडून राह्यले." सुमनला तिच्या शेजारणीनं अमरावतीत फोनवर तोच फोटो दाखवला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गल्लीत कोणी दुखण्यातून उठला की आता लोक मला विचारतात, तुमच्या गादीवर झोपला होता का.

पण गादीनं गुण दिला. जखमा सुकल्या. अंकिता तुझ्या तळपायांना तेल लावून चोळायची. मी दारातून म्हणायचो, "पाह्य बरं. येते का सरकार तेल लावाले?" तू डोळे मिटून पडलेली. "पोरीचे हात चांगले हायेत," एवढंच म्हणालीस. "पोरीले मी कवा नाव ठेवलं?"

मग एका खेपेला अंकिता गाडीतून उतरली ती बॅगेशिवाय. म्हणाली, "आजोबा, आपल्या भागातला प्रकल्प संपला. पुढच्या महिन्यापासून गाडी दुसऱ्या तालुक्यात जाईल."

"प्रकल्प संपला, दुखनं कुठी संपलं?"

तिचा दोष नव्हता, ते मलाही दिसत होतं. ती पुढं दोन वेळा सुट्टीच्या दिवशी आपली स्कूटी घेऊन आली, तेल लावून गेली. पण दुखण्याची गोळी गाडीतल्या डॉक्टरकडून मिळायची आणि डॉक्टर गाडीबरोबर गेला. मी तिला विचारलं, आता कोणाला सांगायचं? ती म्हणाली, आमच्या साहेबांना पत्र लिहा. मी तुझ्याकडं पाहिलं नाही. तू माझ्याकडं पाहत आहेस हे पाठीला कळत होतं.

त्याच गाडीतून बन्सीलाही गोळी मिळायची. खर्ऱ्यानं त्याचं तोंड धरलं होतं. गाडी बंद झाल्यावर त्यानं दार लावून घेतलं. तू मला त्याच्याकडं पाठवलं, की दोघं मिळून सरकारी दवाखान्यात जा. तो भिंतीकडं पाहून म्हणाला, "तुया बायकोचं ठीक हाये, ते सरकारी होती. मले नाई जाचं त्याइच्या हाती." मी उठून घरी आलो. माझं तरी कुठं मन होतं.

मग तुझं दुखणं अंगभर पसरलं. तू उशीत तोंड खुपसायला लागलीस. मी अंगणात जाऊन उभा राहायचो, कान झाकायचो आणि मला माझी माय दिसायची. एका सकाळी तू मला जवळ बोलावलं.

"जा सरकारी दवाखान्यात."

"तथी कोन ऐकते?"

"ऐकत नाई म्हनूनच जा. डबा घेऊन जा. ओरडू नका, तुमी ओरडले का ते बी ओरडते. सायबाच्या दारासमोर बसा. जेवाची वेळ झाली का तथीच डबा उघडा. मानूस जेवाले बसला म्हंजे तो उठत नाई, हे त्याइले समजते."

ही तुमची अंगणवाडीच्या बायांची विद्या. मानधनासाठी तुम्ही अमरावतीला जाऊन बसायच्या, तेव्हा मी किती हसलो होतो. डबे घेऊन चालल्या सहलीला, असं म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी मी डबा न घेता गेलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून मागच्या इमारतीत, तिथून उद्या या. रिकामा परत आलो. तू दुखण्यात असूनही म्हणालीस, "डबा कुठी हाये?" दुसऱ्या दिवशी भाकर, ठेचा, कांदा बांधून नेला आणि डॉक्टरच्या खोलीसमोर फरशीवर मांडी घालून बसलो. दुपारी डबा उघडला. शिपाई आला.

"बाबा, इथं जेवता येत नाही."

"मंग सायबाले सांग, लवकर भेट म्हना. ठेचा घे, बायकोच्या पद्धतीनं केला हाये."

त्यानं बोटभर ठेचा घेतला, डोळ्यात पाणी आलं, पाणी प्यायला गेला तो आत जाऊन सांगून आला. साहेब म्हणजे एक डॉक्टर बाई होती, सुमनपेक्षा लहान. बाहेर येऊन ती माझ्यासमोर उकिडवी बसली. मी म्हटलं, "बाई, मले पैसा नाई पायजे, दाखला नाई पायजे. माया घरी दुखून राह्यलं. ते थांबवा." तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अशा पेशंटसाठी आमची सिस्टर घरी जाते, औषधही इथूनच मिळतं. तुम्हाला आधी कोणी सांगितलं नाही?

"कोनी सांगतलं नाई," मी म्हटलं. "अन् मी बी कधी इचारलं नाई."

वंदना सिस्टर आली तेव्हा तू आधी दाराकडं पाहिलं, तिच्या मागं कोणी बॅनर घेऊन आहे का. कोणी नव्हतं. "फोटो?" तू विचारलं.

"कसला फोटो आजी? मला आधी तुमची पाठ बघू द्या."

तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं संसार केला, असं जिंकलेलं तोंड मी तुझं कधी पाहिलं नव्हतं. सिस्टरनं गोळी कशी, किती वेळानं द्यायची ते सांगितलं. ओठ ओल्या कापसानं कसे पुसायचे ते दाखवलं. एकट्या माणसाला दुसऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, गुडघा कुठं दुमडायचा, खांद्याखाली हात कसा घालायचा, हे तिनं माझ्याकडून करून घेतलं. माझा हात चुकला की ओरडायची. सरकारी माणूस ओरडतो ते कधी कधी बरं असतं, एवढं मी मान्य करतो.

त्या दुपारी गोळी पोटात गेल्यावर मी तुला एक गोष्ट विचारली. ती मला अजून टोचते. मी म्हटलं, "तुई सिस्टर आली, मान्य. पन मी फरशीवर बसलो तवा आली. ज्याचं दुखते त्यानं आधी धरनं धरावं का? ज्याच्या घरी बसनारा नाई त्यानं काय करावं?"

तू तोंड उघडलं. मला वाटलं, आता येतं उत्तर. तुझे डोळे जड झाले आणि तू झोपलीस. किती दिवसांनी दुपारी झोपली होतीस. मी पंख्याखाली तुझ्या पायाशी बसून राहिलो आणि मला त्या उत्तराची काही घाई वाटली नाही. पुढं ते राहूनच गेलं. सिस्टर यायची, गोळी मिळायची, तू खायचीस थोडं, बोलायचीस थोडं, मेथीत काड्या शोधायचीस. भांडणाला वेळ कोणाला होता.

तर आता मीच माझं मत सांगतो, तू ऐक. संस्थेनं गादी दिली, मी तिचं नाव काढीन. त्या पोरीनं तुझे पाय चोळले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण गाडी वळली त्या दिवशी मला जाऊन बसायला दार नव्हतं. सरकारचं दार होतं. बंद होतं, पण होतं. तू म्हणायचीस ते हेच असेल तर तू बरोबर होतीस. आणि माझं जे म्हणणं होतं, की दुखणाऱ्याला बसवून ठेवू नये, त्यात मी बरोबर आहे. ते तू मान्य केल्याशिवाय मी तुला सोडणार नव्हतो. गेलीस म्हणून वाचलीस.

एक राहिलं. तू अंगणवाडीतून निवृत्त झालीस तेव्हा बायांनी तुला साडी दिली. तू ती नेसून माझ्यासमोर उभी राहिलीस आणि मी म्हटलं, रंग भडक आहे. रंग चांगला होता. तू त्या लेकरांना वाढताना मी कुंपणापलीकडून कितीदा पाहिलं आहे. आधी सगळ्यात रोडक्याचं ताट भरायचीस आणि त्याला कळूही द्यायची नाहीस. मला ते आवडायचं. पालक मी मुद्दाम जास्त पेरायचो, हे तुला कळलं होतं की नाही, माहीत नाही.

गेलीस ती दुपारची वेळ. मी तुझे ओठ पुसले, तू कापूस थोडा चोखला. मी बाहेर जाऊन बकरीला पाला टाकला. परत आलो तर श्वास नव्हता. हात अजून कोमट. कुठं काही वाकडं नाही, कुठं काही दाबून धरलेलं नाही. संध्याकाळी घाटावर बरेच लोक आले. तुझ्या हातची खिचडी खाल्लेले बाप्ये आले, त्यांना आता टक्कल पडलं आहे. अंकिता दुसऱ्या तालुक्यातून स्कूटीवर आली, मागं उभी राहून रडत होती. मी तिला म्हटलं, गादी घेऊन जा, कोणाला लागत असेल. फोटोचं मी काही बोललो नाही, तीच रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारून पिठलं-भाकर आली होती, आणि दारात सरकारी गाडी थांबली. वंदना सिस्टर. तिचा यायचा दिवस होता, तिला कोणी कळवलं नव्हतं. बॅग घेऊन आत आली, रिकामी जागा पाहिली आणि तिथंच खाली बसली. सुमन तिच्या गळ्यात पडून रडली. थोड्या वेळानं सिस्टरनं डोळे पुसले, मला विचारलं, गेल्या तेव्हा दुखलं नाही ना? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग बरं. आणि उठायला लागली.

मीही उठलो. तुझा भाऊ म्हणाला, "भाऊजी, सुतकात कुठी निंगाले? दुसऱ्याच्या घरात जाऊ नाई." मी म्हटलं, "येतो." सिस्टरला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेलो. बन्सीच्या सुनेनं दार अर्धंच उघडलं. "बाबा कोनाले आत येऊ देत नाई जी. सरकारी म्हटलं तर मुळीच नाई." मी तिला बाजूला करून आत गेलो.

बन्सी गोधडीवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. गोधडी ओली होती. त्यानं मला पाहिलं, माझ्या मागं पांढरे कपडे पाहिले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलो. "बन्सी, सिस्टर आली हाये. शिव्या देजो, बरं झाल्यावर देजो."

त्यानं डोळे उघडले नाहीत, पण हातानं माझी बाही धरली. सिस्टरनं बॅग खाली ठेवली. मी त्याचा गुडघा दुमडला, खांद्याखाली हात घातला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला हळूच कुशीवर वळवलं.